डोळे मिटल्यावर कुठे जायचं?

‘डोळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात. पायाखाली मऊ वाळू आहे...’ मन शांत करण्यासाठी मोबाइलवर जे ऐकायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं असंच सुरू होतं. नाशिककराला समुद्र आवडतो, पण तो सुट्टीतला. रोजच्या जगण्यातलं त्याचं पाणी गोदावरीचं, म्हणजे इथल्या बोलीत गंगेचं. मग समुद्राऐवजी पहाटेचा गोदाघाट का घेऊ नये?

इथेच सावध व्हायला हवं. रामकुंडावर पहाटेची स्नानं होतात, तसं अस्थिविसर्जनही होतं. दशक्रियाही घाटावरच. ज्याने नुकत्याच वडिलांच्या अस्थी तिथे सोडल्या आहेत, त्याला संथ सुरांच्या सोबतीने त्याच पायऱ्यांवर नेलं, तर त्याचा ऊर भरून येईल. ज्याचं दुकान घाटालगत आहे, त्याला पाणी म्हटल्यावर पावसाळ्यातला दुतोंड्या मारुती आठवेल, म्हणजे घाटावरची ती मूर्ती जिच्यावरून पुराची उंची मोजतात, कमरेपर्यंत बुडालेली. एकच जागा एकाला निवांत करते, दुसऱ्याला ढवळून काढते. संगीत आणि कल्पनाचित्र यांचा मेळ घालणाऱ्या उपचारपद्धतीत म्हणूनच सांगण्यापेक्षा विचारण्याला जास्त मोल आहे.

ही पद्धत घडवली अमेरिकेच्या हेलन बॉनी यांनी. त्या व्हायोलिन वाजवत आणि संगीतोपचारही करत. बाल्टिमोरजवळच्या एका मानसोपचार संशोधन केंद्रात तेव्हा एलएसडी या भास घडवणाऱ्या औषधाचे प्रयोग चालू होते आणि रुग्णांसाठी संगीत निवडण्याचं काम बॉनींकडे होतं. औषध न देताही, शरीर सैल करून नुसतं संगीत ऐकवलं तरी माणसांच्या मनात चित्रं, आठवणी, भावना उमटतात, हे त्यांना दिसलं. 1970च्या दशकात त्यांनी त्याची पद्धत बसवली. ऐकणारा आडवा होतो, मार्गदर्शक शेजारी बसतो. संगीत चालू असतानाच ऐकणारा मनात काय दिसतंय ते बोलत राहतो. मार्गदर्शक विचारतो, ‘तिथे अजून काय आहे? अंगाला काय जाणवतंय?’ चित्र तो पुरवत नाही. शेवटी बरेचदा ऐकणाऱ्याला कागदावर मंडल, म्हणजे वर्तुळातलं चित्र, रंगवायला देतात आणि मग त्यावर बोलणं होतं.

कल्पनेचा शरीरावर परिणाम होतो, यात गूढ काही नाही. चिंचेचं बोटूक नुसतं आठवलं तरी तोंडाला पाणी सुटतं. एखादं दृश्य मनात आणताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले बरेचसे प्रत्यक्ष पाहतानाही कामाला लागतात.

संगीताचं काम निराळं आहे. ते श्वासाची चाल बदलतं. लुचियानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी 2006 मध्ये 24 जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात आपलं रागसंगीतही होतं. लय वाढली तसा श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोकेही वाढले. संगीताचा प्रकार आणि ऐकणाऱ्याची आवडनिवड यांपेक्षा लयीचा प्रभाव मोठा ठरला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं निरीक्षण. मध्येच दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा हे आकडे ऐकायला बसण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेले. त्याआधी 2001 मध्ये त्यांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि मंत्रजप यांचा अभ्यास केला होता. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता आणि त्या गतीला रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा चांगली काम करते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी अखेरच्या काळात ज्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम चालवला, तिथे सावकाश नाम घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा.

‘अमुक आजारावर अमुक राग’ असे तक्ते मात्र सर्रास फिरतात. त्यांना आधार नाही आणि आजारी माणसाच्या हाती ते देणं मला गैर वाटतं. पुरावा आहे तो साध्या गोष्टीचा. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 73 चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्या रुग्णांना वेदना आणि चिंता कमी जाणवल्या, वेदनाशामकंही कमी लागली.

घरी करायचं तर जागा आपणच निवडावी. गंगापूर धरणाची भिंत, सोमेश्वरचा धबधबा, आजोळची ओसरी, काहीही. काहींना डोळे मिटल्यावर चित्रच दिसत नाही. त्यात आजार काही नाही. त्यांनी काळाराम मंदिराच्या दगडाचा गारवा तळहाताला आठवावा किंवा घंटेचा नाद. वाद्यसंगीत घ्यावं, कारण शब्द आपल्या अर्थाकडे खेचतात. संगीत संपल्यावर लगेच मोबाइल हातात न घेता दोनेक मिनिटं तसंच बसावं. गाडी चालवताना हे अजिबात नको.

चालू गोळ्या यासाठी बंद करू नयेत. ज्यांना भास होतात किंवा ज्यांच्या मनावर मोठा आघात झाला आहे, त्यांनी एकट्याने हा प्रयोग न करता मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनेच करावा. आणि चित्र नकोसं वाटू लागलं, तर कुणीही डोळे उघडावेत, पाय जमिनीला टेकवावेत आणि खोलीतल्या वस्तूंवर नजर फिरवावी.