ट्रायपॉडवर लेन्सचे स्थिरीकरण

हातात धरलेला कॅमेरा कितीही नाही म्हटले तरी थरथरतो. त्या थरथरीने फोटो हलू नये म्हणून लेन्समध्ये बसवलेली यंत्रणा म्हणजे प्रतिमा स्थिरीकरण. कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर. एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्याच्या बदलता येणाऱ्या लेन्समध्ये ती प्रथम आली १९९५ साली, कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये. जायरो सेन्सर कॅमेरा कुठे आणि किती वेगाने वळतो ते टिपतात आणि त्यानुसार भिंगांचा एक गट विद्युतचुंबकांच्या जोरावर सरकतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर चढला की घोळ होतो. थरथर थांबते, पण सेन्सर गप्प बसत नाही. त्याच्या संकेतात बारीक गोंगाट असतो आणि त्याचे ‘हालचाल शून्य’ हे मापही हळूहळू ढळते. यंत्रणा त्यालाच हालचाल समजते आणि नसलेले दुखणे बरे करायला निघते. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दूरची एखादी पाटी दहापट मोठी करावी आणि कॅमेऱ्याला हात न लावता नुसते पाहावे. जुन्या लेन्समध्ये अक्षरे संथपणे एका बाजूला वाहतात, मग जागेवर येतात. १/१००० सेकंदाच्या फोटोत याचा पत्ताही लागत नाही. रात्री ३० सेकंद शटर उघडे ठेवले, तर मात्र दिव्याच्या ठिपक्याचा फराटा होतो.

म्हणून ‘ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद’ हा नियम पडला. तो अजून उपयोगाचा आहे, पण डोळे झाकून पाळण्याइतका नाही. १९९९ मधल्या कॅननच्या ३०० मिमी एफ/२.८ सारख्या मोठ्या टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) लेन्स ट्रायपॉड ओळखून वागणे बदलतात. निकॉनच्या काही लेन्समध्ये त्यासाठी वेगळा मोड असतो. शिवाय ट्रायपॉडवरचा कॅमेरा स्थिर असतोच असे कुठे आहे? वारा, लाकडी पूल, पक्ष्यामागे फिरवण्यासाठी सैल सोडलेले गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारा ट्रायपॉडचा माथा), यांत स्थिरीकरणाला खरे काम मिळते. मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, तर ते चालूच ठेवावे.

स्थिरीकरण कॅमेऱ्याच्या बॉडीत असेल तर भिंगाऐवजी फोटो टिपणारा सेन्सरच तरंगता असतो आणि दीर्घ एक्स्पोजरला त्याचीही तीच खोड निघू शकते. लेन्स आणि बॉडी दोन्हींत यंत्रणा असल्यास लेन्सवरचा स्विच बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन्ही बंद करतो, काहींत नाही; मेनू एकदा उघडून पाहावा. ट्रायपॉडवरून उतरवताना स्विच पुन्हा चालू करायचा राहतो, तो दुसऱ्या दिवशीचे हललेले फोटो पाहून आठवतो.