हलगी, एप्रिल आणि पाच मिलिसेकंद

नांदेडमध्ये 14 एप्रिल जवळ आला की माझ्या छोट्या स्टुडिओत श्वास घ्यायला फुरसत नसते. भीमगीतांची रेकॉर्डिंग एकामागून एक लागलेली असतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी कंधारकडचे एक गायक माइकसमोर उभे होते, बाजूला हलगीवाले काका. हलगी शेगडीवर तापवून घेतलेली, कातडं ताठ झालेलं, आवाज खणखणीत. पहिलं कडवं संपलं आणि गायकांनी हेडफोन काढला. "भाऊ, माझाच आवाज मला मागून येऊलालाय." मी एक सेटिंग बदललं. आवाज मागून येणं थांबलं, पण पुढच्याच कडव्यात मधूनच 'टक्' वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्. काकांनी हलगी तीनदा तापवली, तीनही टेक वाया गेले. एवढ्या लांबून आलेल्या माणसांचा गळा आणि हात आपल्या यंत्रापायी दमवायचा, याचं मला फार वाईट वाटलं.

नवा कॉम्प्युटर घ्यायचं त्याच दिवशी ठरलं. दुकानात गेलं की गीगाहर्ट्झ, कोअर आणि रॅमचे आकडे ऐकायला मिळतात. आपल्या कामाचा खरा आकडा मात्र खोक्यावर छापलेला नसतो. तो वेळेचा आकडा असतो.

माइकमधून आलेली आवाजाची लाट ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, सेकंदाला 48,000 वेळा मोजतो. ही मोजमापं एकेक करून नाही, गठ्ठ्याने कॉम्प्युटरकडे जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर 256 मोजमापांचा ठेवला तर एक गठ्ठा 5.33 मिलिसेकंदांचा होतो. पुढचा गठ्ठा येईपर्यंत, म्हणजे तेवढ्याच वेळात, प्रत्येक ट्रॅकवरचा, म्हणजे एकेका गळ्याच्या किंवा वाद्याच्या वेगळ्या रेकॉर्डिंगवरचा, इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब अशा आवाज घडवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, म्हणजे प्लगइनचं, सगळं गणित उरकून आवाज परत पाठवावा लागतो. सेकंदाला 187 वेळा ही परीक्षा, आणि उशिरा लिहिलेल्या उत्तराला गुण नाहीत. एका गठ्ठ्याला जरी उशीर झाला तरी लाट मध्येच तुटते. ती तूट म्हणजेच ते 'टक्'. व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला दहा मिनिटं जास्त लागली तर आपण चहा पिऊन येतो. इथे एक मिलिसेकंदही उधार मिळत नाही.

मग बफर मोठा का ठेवू नये? कारण गठ्ठा भरेपर्यंत थांबावं लागतं. 256 च्या बफरला आत येताना आणि बाहेर जाताना मिळून जवळपास 11 मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज पावणेचार मीटर पुढे जातो, म्हणजे गायकाला आपलाच आवाज खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या कुणाकडून तरी येतोय असं वाटतं. 1024 ला हाच उशीर 43 मिलिसेकंदांच्या घरात जातो आणि ताल धरणं मुश्कील होतं. म्हणून रेकॉर्डिंगला बफर लहान आणि मिक्सिंगला मोठा, हा आमच्या कामातला रिवाज आहे. ज्याला फक्त गाणारा माणूस रेकॉर्ड करायचा आहे, त्याने आधी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरून पाहावं. त्यात आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता इंटरफेसमधून थेट हेडफोनमध्ये जातो. कित्येकांचा नव्या मशीनचा खर्च तिथेच वाचेल.

माझं कोडं वेगळं होतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर 40 टक्के दिसत होता, तरी आवाज तुटत होता. याचं कारण भाकरीत सापडतं. एक भाकरी आठ जणींनी मिळून केली म्हणून लवकर होत नाही. पीठ मळल्याशिवाय थापता येत नाही आणि थापल्याशिवाय भाजता येत नाही. आठ जणी आठ वेगळ्या भाकऱ्या मात्र एकाच वेळी करू शकतात. तसंच एका ट्रॅकवरचे प्लगइन एकामागून एकच चालतात आणि ते काम सहसा एकाच कोअरकडे, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच कामगाराकडे, राहतं. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात खरे, पण शेवटी सगळे मास्टर ट्रॅकवर एकत्र येतात आणि तिथे पुन्हा एकट्याचंच काम. माझ्या मास्टरवर सहा जड प्लगइन होते. एक कोअर घामाघूम आणि बाकीचे रिकामे बसलेले, त्याची सरासरी 40 टक्के. म्हणून माझं मत असं, की प्रोसेसर निवडताना एकट्या कोअरचा वेग आधी पाहावा आणि कोअरची संख्या त्यानंतर.

जड प्लगइन किती जड असतो, तेही पाहण्यासारखं आहे. वेरूळच्या 10 नंबरच्या लेण्यात, त्या कमानदार छताखाली, टाळी वाजवली की तिचा नाद घुमत राहतो. असा घुमारा रेकॉर्ड करून तो आपल्या संबळाला देता येतो. त्याला कन्व्होल्यूशन रिव्हर्ब म्हणतात. समजा घुमारा 3 सेकंदांचा आहे, म्हणजे 1,44,000 मोजमापं. सरळ हिशोबाने आवाजाच्या प्रत्येक मोजमापामागे तेवढेच गुणाकार, म्हणजे सेकंदाला सुमारे 691 कोटी, तेही एका ट्रॅकसाठी. 1965 मध्ये जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी मांडलेली फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मची पद्धत वापरली की हेच काम शेकडो पटींनी हलकं होतं. आपल्या टेबलावर ते लेणं घुमतं ते त्या गणितामुळे, आणि मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते.

रॅम आणि डिस्कचं थोडक्यात सांगतो. 24 बिटचे 40 मोनो ट्रॅक एकदम वाजले तरी डिस्कवरून सेकंदाला 6 एमबीसुद्धा लागत नाहीत. तबला, व्हायोलिनसारखी सॅम्पल केलेली, म्हणजे एकेक स्वर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली, वाद्यं वापरत असाल तर मात्र प्रत्येक स्वराची सुरुवात रॅममध्ये आणि उरलेला भाग डिस्कवर असतो. तिथे एसएसडी आणि 32 जीबी रॅम कामी येतात. एरवी 16 जीबी पुरते. महागड्या ग्राफिक्स कार्डाचा या कामात फारसा उपयोग नाही.

आता आपल्या भागाचा मुद्दा. प्रोसेसरची चिप साधारण 100 अंशांपर्यंत तापली की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली 25 अंशांवर असेल तर हा फरक 75 अंशांचा, आणि नांदेडच्या एप्रिलमधल्या 42 अंशांच्या खोलीत फक्त 58 चा. तोच पंखा, तेच हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), पण उष्णता सुमारे 23 टक्क्यांनी कमी बाहेर पडते. त्यात रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद, दार बंद. शांत बसलेला माणूसही जवळपास 100 वॅट उष्णता देतो, म्हणजे कोरसचे सहा जण आत आले की 600 वॅटची शेगडीच पेटली म्हणायची. माझा पहिला टेक सकाळी स्वच्छ आणि दुपारी टक् टक् का येत होता, ते मला इथे उमगलं.

म्हणूनच मी पातळ लॅपटॉपवरच्या 'आय सेव्हन' या प्रोसेसरच्या अक्षरांना भुललो नाही. त्यातल्या पुष्कळ चिप 15 वॅटच्या आसपास चालायला बनवलेल्या असतात. पहिली काही मिनिटं त्या जोरात धावतात आणि मग बसतात. 65 वॅटचा, मोठं हीटसिंक लावलेला साधा 'आय फाइव्ह' डेस्कटॉप आमच्या उन्हाळ्यात दिवसभर एकाच चालीने चालतो. मी तोच घेतला, सोबत यूपीएस. कॅबिनेट भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवलं आणि भिंतीतून पाच मीटरची यूएसबी केबल आणली, म्हणजे पंख्याचा आवाज माइकमध्ये येत नाही आणि गर्दीची ऊबही कॅबिनेटला लागत नाही. दर दोन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढतो.

घ्यायला जाल तेव्हा आपला सगळ्यात जड प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर आणि इंटरफेस पिशवीत घेऊन जा. दुकानदाराला विनंती करून सॉफ्टवेअरची ट्रायल टाकून घ्या, बफर 128 वर ठेवा आणि हेडफोन लावून गाणं सलग अर्धा तास फिरवत ठेवा. पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका, शेवटची दहा नीट ऐका. आणि दुकानात एसी चालू असेल तर तेवढ्यापुरता बंद करायला सांगा.