टॅलिलिन रेल्वे

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टविन गावातून आत डोंगरात नांत ग्वेर्नॉलपर्यंत जाणारी, साधारण ११.७ किमीची नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) कमी असलेली लाइन. ब्रिन एग्लुइस खाणीतली स्लेट, म्हणजे छपरावर घालायचा पाटीचा दगड, किनाऱ्यापर्यंत आणायला ही बांधली आणि १९५१ पासून हौशी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे असं हिला म्हणतात आणि ते बहुतेक सगळ्यांना मान्य आहे, इंग्लंडमधल्या ब्लूबेल आणि मिडलटन या स्टँडर्ड गेजच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या नेहमीच्या मापाच्या लाइनींचा दावा १९६०चा आहे.

दुसऱ्या एका 'पहिली'बद्दल मात्र जपून बोलावं लागतं. पार्लमेंटच्या १८६५च्या कायद्याने वाफेच्या इंजिनावर प्रवासी न्यायची परवानगी मिळालेली ही ब्रिटनमधली पहिली नॅरोगेज, पण प्रत्यक्षात प्रवासी नेण्यात वेल्समधलीच फेस्टिनिऑग रेल्वे आधीची, त्यामुळे नुसतं 'पहिली प्रवासी नॅरोगेज' लिहिणं बरोबर नाही.

गेज २ फूट ३ इंच, माथेरानच्या गाडीपेक्षा ३ इंच जास्त. हे माप शेजारच्या कॉरिस ट्रामवे या स्लेट वाहायच्या लाइनीवरून आलं असावं असं धरतात आणि ते पटतं, कारण कॉरिसचे रूळ १८५९ मध्येच याच मापाचे पडले होते.

१८६६ मध्ये सरकारी इन्स्पेक्टर कॅप्टन टायलर तपासणीला आले तेव्हा असं निघालं की लाइनीवरच्या पुलांखाली डब्याच्या दोन्ही बाजूंना दोन फूटसुद्धा जागा सुटत नाही, म्हणजे गाडी तिथे अडकली तर दार उघडून बाहेर पडणं मुश्किल. पूल पाडून परत बांधायला पैसा लागला असता, म्हणून तोडगा असा काढला की डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करायची, तिकडच्या खिडक्यांना गज लावायचे आणि पुलांखालचे रूळ त्याच बाजूला सरकवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा मिळते. त्यामुळे सगळे प्लॅटफॉर्म एकाच बाजूला आले. आज कुणी डब्यात बसलं की दारं एकाच अंगाला का, हे हमखास विचारतं, त्याचं उत्तर हे.

त्याच तपासणीत 'टॅलिलिन' नावाचं इंजिन फार उसळतं असं दिसलं, म्हणून त्याला मागे जादा चाकं बसवली. त्याने इंजिनाची चाकं लांबलांब पडली आणि ते वळणावर अडायला नको म्हणून जुन्या कंपनीने दोन रुळांमधलं अंतर मुद्दाम सुमारे अर्धा इंच जास्त ठेवलं असं सांगतात. जुन्या इंजिनांची चाकं रुंद, त्यांना फरक पडला नाही. पण बंद पडलेल्या कॉरिसची दोन इंजिनं १९५१ मध्ये विकत घेतली आणि त्यातलं 'सर हेडन' इथल्या रुळांवरून वारंवार घसरायला लागलं तेव्हा हा अर्धा इंच उघड झाला. नुसती ढिसाळ देखभाल असंही म्हणता येईल, पण मुद्दाम केल्याची बाजू जास्त जड वाटते.

१९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेन्री हेडन जोन्स या लिबरल खासदाराने घेतली. १९४६च्या शेवटी खाणीत पडझड होऊन ती बंद झाली, तरी मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल हा शब्द त्यांनी पाळला. १९४७च्या कायद्याने ब्रिटनच्या जवळपास सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, त्यातून ही मात्र सुटली. चुकून की मुद्दाम, यावर एकमत नाही. शेजारची कॉरिस मोठ्या कंपनीच्या मालकीची, ती कंपनीबरोबर सरकारात गेली आणि १९४८ मध्ये बंदही झाली, हे बघता सुटली म्हणूनच वाचली असं म्हणायला हरकत नाही.

जुलै १९५० मध्ये सर हेडन गेले. लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅममध्ये सभा झाली, संस्था निघाली, सर हेडन यांच्या पत्नीने शेअर्स सुपूर्द केले आणि १४ मे १९५१ला गाडी सुटली. तेव्हा चालू स्थितीत इंजिन एकच, १८६६चं 'डॉलगॉख', आणि खाली रूळही बहुतेक मूळचेच, गवतात बुडालेले. पगारी माणसं मोजकी ठेवून बाकी काम सभासदांनी सुट्टीत येऊन करायचं ही पद्धत इथे बसली आणि पुढे ब्रिटनभर गेली. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेसाठी तळमळणाऱ्यांनी हा भाग नीट बघावा.

अबरगनॉल्विन या आधीच्या शेवटच्या प्रवासी स्टेशनाच्या पुढचा, नांत ग्वेर्नॉलपर्यंतचा खाणीकडचा तुकडा १९७६ मध्ये प्रवाशांना खुला झाला. टविन वार्फ स्टेशनात नॅरोगेज म्युझियम आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा स्लेट प्रदेश जागतिक वारशात घेतला, त्यात ब्रिन एग्लुइस खाण आणि ही लाइन दोन्ही आहेत.