दूरस्थ पदवी आणि ‘मान्यते’चा घोळ

दूरशिक्षणातली अडचण म्हटली की लोकांना नेटवर्क आठवतं. पण नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत गाडी अडते ती ‘मान्यता’ या एका शब्दावर.

दिल्लीत १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९चं. या पदव्या सरकारी नोकरीला चालतात का, हा प्रश्न मिटावा म्हणून १ मार्च १९९५ची केंद्राची अधिसूचना निघाली. तिच्यात या पदव्या ‘आपोआप मान्य’ ठरल्या. पण दूरशिक्षणाच्या नियामकाची आणि गरज असेल तिथे तंत्रशिक्षणाच्या नियामकाची मंजुरी असेल तरच. जाहिरातींनी पहिला अर्धाच भाग छापला.

खरा गोंधळ २००१ नंतरचा. काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी नोकरदार डिप्लोमाधारकांसाठी दूरस्थ बीटेक काढलं, तेही पूर्वपरवानगीशिवाय. पुढे त्यांना पूर्वलक्षी मंजुरी मिळाली, म्हणजे वरात निघून गेल्यावर मुहूर्त काढला. प्रयोगशाळेतलं काम पोस्टाने होत नाही, हा तंत्रशिक्षणाच्या नियामकाचा आक्षेप रास्तच होता. ३ नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने ही मंजुरी बेकायदा ठरवली. २००१ ते २००५च्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या. त्यांना तंत्रशिक्षणाच्या नियामकाची परीक्षा आणि पास व्हायला जास्तीत जास्त दोन संधी. या सत्रांनंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थेट रद्द, त्यावर मिळालेली बढतीही गेली. घेतलेला पगार वसूल करू नये, एवढाच काय तो दिलासा. चूक संस्थेची आणि मंजुरी देणाऱ्यांची, भुर्दंड मात्र विद्यार्थ्याला.

त्यानंतर नियम कडक झाले. अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी या पदव्या आता दूरस्थ पद्धतीने देताच येत नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे, असा खुलासा सप्टेंबर २०२२मध्ये झाला, तरी भरती विभागातले काही टेबलांवरचे लोक अजून ‘रेग्युलर आहे का?’ विचारतातच. २०२४पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट्सच्या डिजिटल खात्याचा क्रमांक, हवा.

मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमाला, ठरावीक सत्रापुरती आणि ‘दूरस्थ’ की ‘ऑनलाइन’ अशी वेगवेगळी असते. गेल्या वर्षीच्या यादीत नाव होतं म्हणून यंदा प्रवेश घेणारे इथेच फसतात. प्रवेशाच्या दिवशी नियामकाच्या पोर्टलवरचं ते पान तारखेसह छापून मार्कशीटच्या फायलीत लावावं. पाच वर्षांनी ती यादी तिथे सापडेलच असं नाही.