विद्यार्थी रॉकेटांतील कॉम्पोझिट रचना

अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधून उडवतात त्या रॉकेटांची नळी, फिन (शेपटाकडचे पंख), नोज कोन (टोकाचा शंकू) आणि क्वचित मोटरचे, म्हणजे इंधन जळते त्या इंजिनाचे, कवचसुद्धा कार्बन किंवा ग्लास फायबरच्या कापडात इपॉक्सी रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) जिरवून घडवलेले असते. तंतू आणि रेझिनच्या अशा मिश्र पदार्थाला कॉम्पोझिट म्हणतात. अमेरिकेतील आयरेक आणि पोर्तुगालमधील युरॉक या स्पर्धांत अशी रॉकेटे सर्रास दिसतात. कार्बन कॉम्पोझिटची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७. विकत आणलेल्या ॲल्युमिनियम नळीची ताकद मात्र तक्त्यात सापडते. कॉम्पोझिटमध्ये पदार्थ आणि भाग एकदमच तयार होतात, त्यामुळे तक्त्यापेक्षा करणाऱ्याच्या हाताला महत्त्व येते.

नळीसाठी ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत दंडगोलावर रिलीज एजंट (नळी चिकटू न देणारा लेप) लावून कापडाचे थर चढवतात. लांबीच्या दिशेचे तंतू वाक सोसतात, ४५ अंशांतले पीळ. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर काट्यावर तोलून घ्यावे लागतात. कालवलेले मिश्रण कपात साठून राहिले तर आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडू लागते, म्हणून ते पसरट ट्रेमध्ये ओततात. थरांवर पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड), जादा रेझिन टिपणारे कापड आणि शेवटी व्हॅक्यूम बॅग, म्हणजे पंपाने आतली हवा काढून घेतात ती पिशवी. पंप बंद करून गेजचा काटा जागचा हलतो का ते पाहतात, आणि बहुधा तो हलतोच. मग गळती हुडकत बसायचे. रेझिन पक्के करणाऱ्या ओव्हनमधून काढल्यावर दंडगोलाचे ॲल्युमिनियम नळीच्या कार्बनपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे नळी सुटायला मदत होते.

कार्बन विद्युतवाहक असल्याने रेडिओ लहरी अडवतो. म्हणून जीपीएसचा अँटेना असलेला भाग, बहुधा नोज कोन, ग्लास फायबरचा करतात.

मोटरचे कवच हे सर्वांत अवघड काम. दाबाखालील दंडगोलात परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो; एकाच कोनात तंतू गुंडाळायचे झाल्यास तो कोन सुमारे ५४.७ अंश येतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र वर्षानुवर्षे घोटले. २१ एप्रिल २०१९ रोजी त्यांचे ‘ट्रॅव्हलर ४’ संघाच्या गणिताप्रमाणे सुमारे १०३.६ किलोमीटर उंच गेले आणि १०० किलोमीटरची कारमान रेषा, म्हणजे अवकाशाची मानली जाणारी सीमा, ओलांडणारे पहिले विद्यार्थी रॉकेट ठरले.

चाचणीचा आरंभ नाण्याने होतो. नळीवर टकटक करत जाताना खणखणीत आवाज एकाएकी बद्द झाला, तर तिथे थर सुटले आहेत असे समजावे. त्याच रेझिनच्या घाण्यातून केलेल्या पट्ट्या यंत्रावर ताणून आणि वाकवून मोडतात. जोड व बोल्टची भोके वेगळी तपासावी लागतात, कारण ड्रिलने थर उचकटतात. दाबपात्रांची, म्हणजे मोटरच्या कवचासारख्या आतून दाब सोसणाऱ्या भागांची, चाचणी पाण्याने घेणे बरे: पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे पात्र फुटले तरी हवेसारखा स्फोट होत नाही. आयरेकच्या नियमांनुसार कामकाजी दाबाच्या दीडपट दाब देऊन पाहावा लागतो. फुटण्याचा दाब धातूच्या पात्राला कामकाजी दाबाच्या निदान दुप्पट धरतात, कॉम्पोझिटला तिप्पट.