खोटे बोलणारी आणि चुकणारी: संसारावरच्या थ्रिलरमधील दोन निवेदिका

नवराबायकोतील गुपितांवर उभ्या असलेल्या थ्रिलर कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ‘हिच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली मांडली. पुढे ती इतकी सैलपणे वापरली गेली, की जिला खरे ठाऊक असूनही सांगायचे नाही ती बाई आणि जी मनापासून सांगते पण जिला खरे ठाऊकच नाही ती बाई, अशा दोघींना एकच लेबल चिकटले. वाचकाची फसगत दोन्हीकडे होत असल्याने ही गल्लत सहज होते. (पुढे दोन कादंबऱ्यांची रहस्ये उघड होणार आहेत, ज्यांना त्या वाचायच्या आहेत त्यांनी येथेच थांबलेले बरे.)

गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’ (२०१२) या कादंबरीत मिसुरी राज्यातल्या एका लहान गावातून लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी नाहीशी होते. एक प्रकरण तिचा नवरा निक सांगतो आणि पुढचे एमीची रोजनिशी. २००५च्या जानेवारीत सुरू होणाऱ्या या रोजनिशीतली प्रेमात पडलेली मुलगी पानागणिक नवऱ्याला बिचकणारी बायको होत जाते. निम्मे पुस्तक संपल्यावर कळते, की एमी धडधाकट जिवंत आहे आणि ही रोजनिशी पोलिसांच्याच हाती पडावी म्हणून रचलेली आहे. एमीचा पूर्वीचा व्यवसाय मासिकांसाठी स्वभावचाचण्या तयार करण्याचा होता, म्हणजे कोणत्या स्वभावाची बाई कोणता पर्याय निवडेल हे ओळखणे हेच तिचे काम. त्याच हिशेबाने तिने एक सालस बायको कागदावर घडवली. दुसऱ्या वाचनात रोजनिशीतला एक शब्दही बदलत नाही, पण प्रत्येक वाक्याचा हेतू बदलतो. तिने मोठ्या मनाने दिलेल्या स्वतःच्या लहानसहान चुकांच्या कबुल्या वाचकाचा विश्वास कमावण्यासाठी होत्या, हे तेव्हा लक्षात येते. निकही काही साधा नाही: पोलिसांशी आपण कितव्यांदा खोटे बोललो हे तो आपल्याला मोजून सांगतो, पण त्याचे एका तरुण मुलीशी संबंध आहेत ही गोष्ट मात्र बराच काळ आपल्यापासूनही दडवून ठेवतो.

पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधील (२०१५) रेचल अगदी निराळी आहे. नोकरी गेल्याचे घरातल्या मैत्रिणीला कळू नये म्हणून ती रोज सकाळी ८.०४ची लंडनची गाडी पकडते, म्हणजे लपवाछपवी तिच्याकडेही आहे. पण कथेतले मुख्य खोटे तिचे नाही. दारूमुळे तिच्या कित्येक संध्याकाळी पुसल्या गेल्या आहेत आणि त्या वेळी काय घडले ते तिला घटस्फोटित नवऱ्याने, टॉमने, सांगितलेले आहे. एकदा ती गोल्फची काठी घेऊन त्याच्या अंगावर धावून गेली आणि भिंतीचा गिलावा फुटला, असे ती धरून चालते. मात्र तो प्रसंग आठवू लागला की तिच्या मनात संताप येत नाही, भीती येते. मारणाऱ्याला भीती कशाची वाटावी? या न जुळणाऱ्या भावनेतच पूर्ण उत्तर दडलेले आहे, आणि मला वाटते, कादंबरीतली ही सर्वांत कसदार जागा आहे.

विस्मरणामागचे कारणही खरे आहे. रक्तातील मद्यार्क झपाट्याने वाढला की मेंदूतील हिप्पोकॅम्पसचे टिकाऊ आठवणी घडवण्याचे काम थांबते. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण नोंद होत नाही. नोंदच झाली नसेल, तर ती आठवण डोके खाजवूनही परत येत नाही. विस्मरण तुकड्यातुकड्यांचे असेल, तर एखाद्या खुणेने काही तुकडे परत येऊ शकतात. हॉकिन्स यांनी हा दुसरा प्रकार वापरला आहे, शेवटाकडे जरा सोयीस्करपणे.

दोघींना वेगळे ओळखायचे, तर खोटे मुळात कोणी रचले ते पाहावे. एमी नवऱ्याविरुद्ध मजकूर रचते. रेचलच्या तोंडून नवऱ्याने रचलेला मजकूर बाहेर पडतो. रेचलची पूर्वज पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकातील बायको आहे, जिला गॅसचे दिवे मंदावताना स्पष्ट दिसतात आणि जिचा नवरा तिला भ्रमिष्ट ठरवू पाहतो. समोरच्याला स्वतःच्याच अनुभवावर शंका घ्यायला लावणे, या अर्थाचा गॅसलायटिंग हा शब्द तिथूनच आला.

मराठीत हा फरक व्याकरणातच उमटतो. स्वतः न अनुभवलेल्या गोष्टीला आपण सहज ‘म्हणे’ जोडतो. ‘मी काठी उगारली’ आणि ‘मी काठी उगारली म्हणे’ या दोन वाक्यांत साक्षीदार बदलतो. ‘उगारली असेन’ म्हटले, तर साक्षीदारच उरत नाही. एमीची रोजनिशी मराठीत साध्या भूतकाळात निर्धास्त उतरेल, कारण ठाम बोलणे हाच तिचा डाव आहे. रेचलचा अनुवाद करणाऱ्याची मात्र पंचाईत आहे: ‘म्हणे’ घातले, तर टॉमकडे बोट फार लवकर जाते, आणि गाळले, तर आठवणीतून पुसल्या गेलेल्या रात्रीविषयी कोणती मराठी बाई इतके ठाम बोलेल?