तुऱ्यावरची खपली: टोचल्याची की देवीची?

परसातल्या कोंबडीच्या तुऱ्यावर काळपट खपल्या दिसल्या की घरात दोन मते पडतात. बाकीच्या कोंबड्यांनी टोचले असे एक जण म्हणतो, तर देवी आल्या असे दुसरा म्हणतो. वरवर पाहता दोन्ही खपल्या सारख्याच दिसतात आणि दोन्ही प्रसंगी आपण कोंबडी उचलून डालग्याखाली वेगळी ठेवतो. मात्र टोचलेल्या कोंबडीला कळपापासून वाचवायचे असते आणि देवी आलेल्या कोंबडीपासून कळपाला वाचवायचे असते. डालगे कुठे ठेवायचे, त्यावर काय टाकायचे आणि ते कधी उचलायचे, हे सगळे या फरकावर ठरते.

मागच्या भाद्रपदात आमची एक तांबडी गावरान कोंबडी खुडूक बसली होती. तीन आठवडे उलटूनही एकही पिल्लू निघाले नाही आणि ती उठून कळपात परतली, तेव्हा बाकीच्या पाच जणींनी तिला परकी धरले. संध्याकाळी ती लाकडांच्या राशीमागे सापडली. तोंड कोपऱ्यात खुपसलेले, मानेमागची पिसे उपटलेली आणि तुऱ्याचा मागचा भाग फाटून रक्ताने माखलेला होता. टोचल्याच्या जखमेची जागा बहुधा अशीच असते. मार खाणारी कोंबडी पाठ फिरवून डोके लपवते, त्यामुळे चोचीचे घाव डोक्याच्या मागे, पाठीवर, शेपटीच्या बुंध्याशी किंवा गुदद्वाराभोवती बसतात. खपलीचा आकार वेडावाकडा किंवा रेषेसारखा असतो, आजूबाजूला तुटलेल्या पिसांचे खुंट दिसतात आणि ती एका दिवसात, कधी तर एका तासात उमटते.

देवीच्या खपलीला मात्र आधीचे टप्पे असतात. विषाणू शिरल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी पिसे नसलेल्या कातडीवर, म्हणजे तुऱ्यावर, चोचीखालच्या लाल पाळ्यांवर, पापण्यांच्या कडेला आणि चोचीच्या कोपऱ्यांत बारीक पांढुरके फोड येतात. ते पिवळसर होतात, फुगून चामखिळीसारखे खडबडीत दिसू लागतात आणि अखेर तपकिरी-काळ्या खपलीत बदलतात. हे फोड वेगवेगळ्या वयाचे असू शकतात, त्यामुळे एकाच तुऱ्यावर पिकलेली खपली आणि नुकताच उगवलेला फोड शेजारी शेजारी दिसतात. टोचल्याची जखम नीट बरी होत असेल तर दिवसागणिक आक्रसते, देवी मात्र सुरुवातीचे काही दिवस वाढत राहते. म्हणून शंका असेल तेव्हा पहिल्या दिवशीच मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवावा आणि तिसऱ्या दिवशी तो ताडून पाहावा. एवढ्या साध्या उपायाने पुष्कळ वाद मिटतात.

आणखी एक खूण हाताला कळते. कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस खपलीवर दोन-तीन मिनिटे धरला, तर सुकलेल्या रक्ताचा थर मऊ पडून कापसाला तांबूस रंग लागतो. देवीची खपली कातडीतच रुजलेली असल्याने अशी सुटत नाही. ती नखाने ओढून पाहण्याचा मोह आवरावा. ओढल्यास खाली रक्ताळलेला कच्चा भाग उघडा पडतो आणि गळून पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन्महिने टिकून राहतो.

टोचलेल्या कोंबडीवर प्रथम रक्त थांबवण्याचे काम करावे. स्वच्छ सुती फडके पाच-दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरावे. नंतर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, मीठ विरघळवून जखम धुवावी आणि फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद तुपात कालवून थापण्याची रीत घरोघरी आहे. माझ्या मते उघड्या जखमेवर तो लेप धूळ आणि पिसांचा भुगा धरून ठेवतो, म्हणून मी तो टाळतो. माणसांसाठीची बधिर करणारी मलमे पशुवैद्यांना विचारल्याशिवाय लावू नयेत. कोंबडीला उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे आणि पाणी तोंडाशी द्यावे, कारण जखमेपेक्षा धक्क्याने कोंबडी दगावण्याची भीती पहिल्या रात्री अधिक असते. माश्यांसाठी डालग्यावर जाळी हवी. पावसाळी हवेत एका दिवसातही जखमेत किडे पडतात. पाठीवरचा घाव खोल असेल आणि कातडीखाली हवा भरून ती फुग्यासारखी लागत असेल, तर घरी वेळ घालवू नये.

देवीवर औषध नाही. फोड २ ते ४ आठवड्यांत आपोआप सुकून गळतात. आपण डोळे पुसून उघडे ठेवायचे, दिसत नसेल तर दाणे हाताने भरवायचे आणि फोड चिघळला तर पशुवैद्य सांगतील ते द्यायचे. प्रतिजैविक दिले, तर ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत. तोंडात पिवळे, पनीरासारखे थर दिसले आणि कोंबडी मान ताणून श्वास घेऊ लागली, तर तो देवीचा आतला, अधिक घातक प्रकार असतो. नावामुळे घरातली वडीलधारी माणसे घाबरतात, पण १९८० मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झालेली माणसांची देवी वेगळ्या विषाणूची होती आणि कोंबडीची देवी माणसाला होत नाही. (तुरा निळा-काळा पडून सुजला असेल आणि पटापट कोंबड्या मरत असतील, तर हे दोन्ही नव्हे, हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.)

निदानाचा खरा घोळ दोन्ही एकत्र आल्यावर होतो, आणि आमच्याकडे तेच झाले. देवीचा विषाणू डास चावून किंवा कातडीवरच्या ओरखड्यातून शिरतो, त्यामुळे चोचीची प्रत्येक जखम हे त्याच्यासाठी उघडे दार असते. सावली बरी म्हणून मी डालगे मोरीशेजारी ठेवले होते, म्हणजे नेमके डासांच्या घरात. माश्यांसाठी घातलेल्या जाळीची भोके एवढी मोठी होती, की डास सहज आत जात. आठव्या दिवशी भरत आलेल्या जखमेच्या कडेला तीन पांढुरके ठिपके उठले. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी देवी म्हणून सांगितले होते. तेव्हा त्या चुकल्या होत्या, आता त्यांचे म्हणणे खरे ठरले. डालगे ओटीवर आणून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा शिवला आणि उरलेल्या पाच जणींच्या पंखाच्या पातळ पडद्यात तालुक्याच्या दवाखान्यातून देवीची लस टोचून घेतली.

नुसती जखम असती, तर लाल रंग दिसेनासा झाल्यावर तिला आठवडाभर जाळीआड पण कळपाच्या नजरेसमोर ठेवून परत सोडता आले असते. देवीमुळे शेवटची खपली गळेपर्यंत थांबावे लागले. गळलेल्या खपल्या भुशासकट चुलीत जाळल्या आणि अंधार पडल्यावर तिला खुराड्यात दांडीच्या टोकाशी, कळपातल्या सर्वांत शांत कोंबडीशेजारी बसवले. सकाळी एकीने तिला दोनदा चोच मारली, तेव्हा मी दाण्याचे दुसरे भांडे खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवले.